मधलं घर

स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट वाकडी झाली आहे, असं माझा नवरा पहिल्यांदा ऑगस्टच्या अखेरीस म्हणाला. सकाळची वेळ होती. तो चहाचा कप घेऊन सिंकपाशी उभा होता आणि सून नातीचा डबा भरत होती.

"उजवी बाजू बघ. मध्यावर आत दबलीय."

सुनेने मान वर केली नाही. "बाबा, मागच्या वेळी तुम्ही जिना चुकलाय म्हणत होतात."

"जिना चुकलेलाच आहे. तो बांधतानाच चुकला. ही चौकट नंतर वाकलीय."

"म्हणजे प्रगती आहे आमची," ती म्हणाली.

सगळे हसले. तोही हसला आणि चहा संपवून मागच्या डेकवर गेला.

त्याने पुण्यातल्या एका कॉलेजात आयुष्यभर वास्तुकलेचा इतिहास शिकवला. मी एका मराठी दैनिकात बातम्या संपादित करत असे. मुलगा अमेरिकेत हर्नडनला राहतो. त्याची नोकरी आयटीतली आणि घर रांगेतल्या टाउनहाउसपैकी एक. मागे लाकडी डेक, डेकसमोर पावसाचं पाणी साठवायला खोदलेलं तळं, तळ्यापलीकडे झाडांची एक पट्टी आणि झाडांच्या वर डेटा सेंटरचं करडं छप्पर. आम्ही दर दोन वर्षांनी मे महिन्यात येतो आणि ऑक्टोबर संपता संपता परत जातो. प्रत्येक मुक्कामात त्याने या घरातलं काही ना काही चुकीचं शोधून काढलेलं आहे. जिन्याच्या पायऱ्यांची उंची, न्हाणीघराचा उतार, दिवाणखान्यात नको तिथे आलेला खांब. त्यामुळे चौकटीची तक्रार कोणी वेगळी धरली नाही.

त्याचा खास विषय इटलीतले व्हिला हा होता. पाचशे वर्षांपूर्वी तिथल्या श्रीमंतांनी शहराबाहेर, टेकड्यांच्या उतारावर बांधलेली घरं. वर्गात तो सांगे की या घरांचा नकाशा भिंतीपाशी संपत नाही. घराला लागून दगडी कठड्याची गच्ची, तिच्याखाली उतरत्या जमिनीचे सपाट टप्पे, टप्प्यांवर कातरलेली झुडपं आणि पाणी, त्याखाली न कातरलेली झाडी, मग शेतं, मग डोंगर. घरापासून जितकं लांब जावं तितका माणसाचा हात सैल होत जातो. डोंगर कोणी बांधलेला नसतो, मालकाने विकत घेतलेला नसतो. पण ओसरीची मधली कमान कुठे ठेवायची हे तो डोंगर ठरवतो.

यातलं एकही घर त्याने पाहिलेलं नव्हतं. नोकरीत असताना सहली विद्यार्थ्यांच्या असत आणि त्या हंपीला किंवा अहमदाबादला जात. निवृत्त झाला तोवर मुलगा अमेरिकेत स्थिरावला होता. मुलगा अमेरिकेत गेला की आईवडिलांचं परदेश म्हणजे अमेरिका. आमच्या ओळखीतल्या बहुतेक घरांत हेच झालेलं आहे. सगळी तिकिटं एकाच दिशेची, आणि बाकीचं जग विमानतळाच्या काचेतून दिसतं तेवढं.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तो दरवर्षी एक काम देई. व्हिलाचं चित्र काढा, पण घर काढू नका. टप्पे काढा, पायऱ्या, पाणी, झाडं, शेतं, डोंगर, सगळं काढा. आजूबाजूचं बरोबर काढलं तर मध्ये उरलेला कोरा कागद हेच घर. बहुतेकांना ते जमत नसे. कोणी न राहवून मध्ये एक खिडकी तरी काढीच.

त्या जुलैत त्याने हेच काम नातीला दिलं. ती इथेच जन्मलेली, नुकतीच हायस्कूलला गेलेली. मराठी तिला पूर्ण समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. कामाआधी तो तिला डेकवर घेऊन बसला.

"खुर्ची इथे का ठेवलीस?"

"इट्स शेडी हिअर."

"सावलीचं नंतर. आधी काय लपवायचं ते ठरव."

त्याने तिची खुर्ची वीतभर डावीकडे सरकवली. डेकचा खांब डेटा सेंटरच्या छपरासमोर आला आणि आता फक्त तळं आणि झाडं दिसू लागली.

"नाउ इट्स गॉन," ती म्हणाली.

"गेलं नाही. खांबामागे आहे. तू लपवलंस, म्हणून ते आहे हे तुला पक्कं माहीत पाहिजे."

मग ती कागद घेऊन तळ्याच्या पलीकडे गेली आणि तिथून तिने टाउनहाउसची रांग काढली, आमचं घर सोडून. परत आल्यावर चित्र टेबलावर टाकून म्हणाली, "आवर हाउस लुक्स लाइक अ मिसिंग टूथ." त्याला ते चित्र आवडलं. सुनेने ते फ्रिजवर लावलं. सप्टेंबरमध्येही ते तिथेच होतं.

हर्नडनपासून दोनेक तासांवर, ब्लू रिजच्या डोंगरांसमोर, व्हिलाच्या धर्तीवर बांधलेलं एक घर आहे. एका श्रीमंत कुटुंबाने खूप वर्षांपूर्वी इटली पाहून आल्यावर ते बांधून घेतलं, बागेसकट. आता तिकीट काढून बघता येतं. मुलाने ते शोधून काढलं होतं आणि आम्ही आल्याबरोबर तिथे जायचं ठरलं होतं. जूनमध्ये ऊन फार होतं. जुलैत सुनेची इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम होती. ऑगस्टमध्ये मुलाच्या कामात सॉफ्टवेअरची रिलीज आली आणि त्याने ठरलेला शनिवार कॅन्सल केला.

"बाबा, फॉलमध्ये जाऊ ना. कलर्स पण असतील," तो म्हणाला.

"मला रंग नकोत. रेषा हव्यात," नवरा म्हणाला. पण तो रागावला नव्हता.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मुलगा दिवाणखान्यात फळी ठोकत होता. त्यासाठी त्याने एक लेझर आणला होता. भिंतीवर लाल रेघ पाडणारं छोटं यंत्र. फळी झाल्यावर त्याने ते स्वयंपाकघरात आणलं.

"चल बाबा, आज तुझी केस निकालात काढू."

त्याने यंत्र ओट्यावर ठेवलं. लाल रेघ चौकटीच्या कडेवर वरपासून खालपर्यंत बसली. कुठेही फट नव्हती.

"बघ. परफेक्ट."

नवरा दोन पावलं पुढे गेला. बराच वेळ बघत राहिला.

"रेघही वाकडीच आहे."

"लेझर कसा वाकडा असेल, यार?"

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला.

त्याने उजवा डोळा हाताने झाकला, मग डावा. उजवा डोळा त्याचा लहानपणापासूनच कमजोर. आळशी डोळा म्हणतात तसा. वर्तमानपत्राचे मथळेही त्याला त्या डोळ्याने धड वाचता येत नसत. जे काही आयुष्यात पाहिलं, शिकवलं, रेखाटलं ते डाव्याने.

"डाव्याने वाकडी दिसते," तो म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

दोन दिवसांनी मुलगा त्याला चष्म्याच्या दुकानातल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मीही गेले. डॉक्टर तरुण बाई होती. तिने त्याच्यासमोर आलेखाच्या कागदासारखा चौकोनांचा कागद धरला आणि मध्यावरच्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. ठिपक्याभोवतीचे चौकोन आतल्या बाजूला ओढल्यासारखे दिसतात, असं त्याने सांगितलं. तिने थेंब घालून डोळा तपासला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली की डोळ्यातल्या पडद्याच्या मध्याखाली पाणी झिरपत असावं, आणि पडद्याच्या डॉक्टरला याच आठवड्यात दाखवलं पाहिजे. "धिस वीक," ती दोनदा म्हणाली.

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "इथे सगळे असंच बोलतात. उद्या काही झालं तर केस होईल म्हणून."

हे मत त्याचं एकट्याचं नव्हतं. इथे येणाऱ्या आमच्या वयाच्या प्रत्येक घरात ते ऐकलेलं आहे. इथले डॉक्टर घाबरवतात, खरं काय ते आपला डॉक्टर सांगतो. दात असो, गुडघा असो, गोळ्या बॅगेत आणायच्या आणि दुखणं परत न्यायचं. सुनेने आमच्यासाठी काढलेल्या पाहुण्यांच्या विम्याच्या कंपनीला फोन लावला. डोळा जन्मापासून कमजोर, म्हणजे आजार जुना, म्हणजे खात्री देता येत नाही, असं उत्तर मिळालं. डोळा दुसरा आहे हे तिने तीन वेगवेगळ्या माणसांना समजावलं. तिसऱ्याने तिला पुन्हा पहिल्याकडे जोडून दिलं.

मग पुण्यातल्या आमच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल केला. ते म्हणाले, "हे बघा, उशीर करू नका, तिथे दाखवता येत असेल तर तिथेच दाखवा, नाहीतर आल्या आल्या या, मी बघतो." वाक्य जसंच्या तसं देते आहे, कारण ते मी स्वतः ऐकलं. त्यातलं शेवटचं तेवढं घरात उरलं. आल्या आल्या या, मी बघतो. संध्याकाळपर्यंत पुण्यातली वेळ ठरली होती, विमान उतरल्याच्या दुसऱ्या दिवसाची. निर्णय त्याचा होता. विरोध कोणी केला नाही. मीही केला नाही.

पुढच्या आठवड्यांत झालेल्या गोष्टी लहान होत्या. टॅबलेटवरची अक्षरं तो दर दोन दिवसांनी मोठी करू लागला. शेवटी एका पडद्यावर चार-पाचच शब्द मावत, तेव्हा त्याने टॅबलेट माझ्याकडे दिला. मी वाचायचं, त्याने ऐकायचं. एकदा चहा कपाच्या शेजारी ओतला. गणपतीच्या आरतीला मंडळातल्या एका मुलीने वाकून नमस्कार केला, तेव्हा त्याने आशीर्वादाचा हात तिच्या खांद्याच्या बाजूला धरला. "काका, मी इकडे," ती म्हणाली. त्याने हात सरकवला आणि विचारलं, "आणि आधी कुठे होतीस?" आजूबाजूचे हसले.

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी तो म्हणाला की मध्ये डाग आला आहे. जिथे बघावं तिथे. मुलगा ऑफिसातून उठून घरी आला. विमा राहू दे, म्हणाला, आणि पडद्याच्या डॉक्टरांकडे फोन करत सुटला. सगळ्यात लवकरची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली. व्हिलाला जायचं शनिवारी ठरलेलं होतं.

"शनिवारचं कॅन्सल करतो," मुलगा म्हणाला.

"मंगळवारपर्यंत मी या घरात बसून काय करू? तुझी चौकट बघू?"

"बाबा, तिथे जाऊन तरी..."

"जाऊ या," नवरा म्हणाला. "आता नाही गेलो तर मी पुन्हा म्हणणार नाही."

शनिवारी निघालो. सुनेने दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होती. नात मागे आजोबांजवळ बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लाल-पिवळी झाली होती. 

तिथे पोचल्यावर कळलं की पार्किंगमधून येणाऱ्यांना आधी बागेत नेतात, बाजूच्या पायवाटेने. नवरा थांबला. बाग अशी बघायची नसते, म्हणाला. समोरच्या दारातून, घरातून जायचं. घर समोरून मुद्दाम बंद आणि गंभीर ठेवलेलं असतं, मागे काय आहे ते कळू नये म्हणून. मुलाने तिकीट देणाऱ्या बाईंना हे समजावलं. त्या वयस्क होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि स्वतः पुढे होऊन मोठं दार उघडलं.

त्याने टोपी कपाळावर ओढली आणि नातीचा दंड धरला. "मला मधल्या कमानीपर्यंत ने. वाटेत काय दिसतं ते सांगायचं नाही."

"ओके."

आतला दिवाणखाना थंड आणि अंधारा होता. पलीकडे ओसरी, तिला तीन कमानी. मधल्या कमानीखाली नात थांबली. त्याने टोपी काढली.

मला दिसलं ते असं: पुढे दगडी गच्ची. कठड्याखाली पहिला टप्पा, त्यावर कातरलेल्या झुडपांचे चौकोन. दुसरा टप्पा, त्यावर लांबट हौद. दोन्ही बाजूंना काळपट हिरव्या उभ्या झाडांच्या रांगा, इटलीतल्या सरूंच्या जागी इथले सीडर. मग कापलेल्या गवताचं शेत, त्यात गुंडाळलेले भारे. मग झाडी, आणि तिच्यामागे निळा डोंगर. डोंगराचं सगळ्यात उंच टोक कमानीच्या बरोबर मध्यावर होतं. त्याच्या वर्गातल्या स्लाइडवर मी हे इतक्या वेळा पाहिलं होतं की पुढची स्लाइड येईल असं वाटलं.

तो सरळ समोर बघत होता. मग त्याने मान थोडी डावीकडे वळवली, मग उजवीकडे. पुन्हा समोर.

"डोंगर कडेला येतो," तो म्हणाला. "सरळ बघितलं की जातो."

"बाबा, बसतोस का थोडं?" मुलाने विचारलं.

"नको. खाली जाऊ. घर खालून बघायचं असतं."

आम्ही पायऱ्या उतरलो. प्रत्येक पायरी त्याने पायाने आधी चाचपली. हौदाच्या टोकाशी पोचल्यावर तो वळला आणि वर बघत उभा राहिला. इथून घर दोन जिन्यांच्या मधोमध येतं, सगळ्या रेषा त्याच्याकडे चढत जातात. या जागेबद्दल तो एक पूर्ण तास बोलत असे. 

"घर नाहीये," तो म्हणाला.

"आजोबा, इट्स राइट देअर." नातीने हात करून दाखवलं.

"जिने आहेत. झाडं आहेत. कठड्याची दोन्ही टोकं आहेत. वर आभाळ आहे. मध्ये काही नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "लाइक द ड्रॉइंग. एव्हरीथिंग बट द हाउस."

त्याला बरं वाटावं म्हणून ती ते म्हणाली होती. हे त्यालाही कळलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, अंदाजाने, आणि तो बरोबर पडला.

"चित्रात घर असतं गं," तो म्हणाला. "आपण काढत नाही एवढंच."

सून पाठ फिरवून हौदाकडे बघू लागली. तो माझ्याकडे वळला.

"तू नीट बघून सांग. मधली कमान जिन्यांच्या बरोबर मध्यावर आहे का?"

"आहे."

"थोडी सरकलेली असेल. नकला करताना हमखास सरकवतात."

"नाही सरकलेली."

"तुला ते कळणार नाही," तो म्हणाला.

मी पुन्हा पाहिलं. मला ते कळणार नव्हतं, हे खरं होतं. बातमीत काय सुटलं आहे ते मला दिसतं. दगडात बोटभर फरक असेल तर दिसत नाही. वर एक घर होतं, पिवळसर, तीन कमानींचं, आणि ते बरोबर आहे की नाही हे सांगू शकणारा एकच माणूस तिथे होता.

दशम्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीपाशी खाल्ल्या. मुलगा लांब झाडाखाली उभा राहून डॉक्टरच्या ऑफिसला फोन लावत होता. शनिवार असल्यामुळे रेकॉर्ड केलेला आवाज लागत होता. तो आवाज पूर्ण ऐकून घेई, फोन ठेवी आणि पुन्हा लावी.

मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं ते असं: डोळ्याच्या पडद्याखाली रक्त साठलं आहे आणि मध्यावर व्रण धरू लागला आहे. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. त्याने पुढचं नुकसान थांबेल. मधली नजर परत येईल अशी अपेक्षा ठेवू नये. मुलाने विचारलं, आधी आलो असतो तर. डॉक्टर म्हणाले, आता आहात तिथून सुरुवात करू. पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी दिलं. आम्ही परतीची तिकिटं रद्द केली आणि मुक्काम वाढवून मागितला. पुण्याच्या डॉक्टरांना मी कळवलं. ते म्हणाले, "मी म्हटलं होतं तुम्हाला." त्यांनी म्हटलं होतं.

मुलगा आता त्याच्याशी बोलताना फार मोठ्याने बोलतो. "मला ऐकू येतं," नवरा त्याला सांगतो. नात फ्रिजवरचं चित्र काढून घेऊन गेली. कुठे ठेवलं ते कोणी विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीबद्दल आता बोलणं होत नाही. ती त्याला दिसतच नाही. तिच्या बाजूचं कपाट दिसतं.

हे लिहिते आहे तेव्हा एप्रिल आहे. झाडांच्या पट्टीला पालवी आली आहे. दुपारी तो डेकवर बसतो. खुर्ची तळ्याकडे तोंड करून ठेवत नाही, शेजाऱ्यांच्या भिंतीकडे करून ठेवतो. ही युक्ती त्याला दवाखान्यात शिकवली. कोऱ्या भिंतीकडे बघत राहिलं की नजरेच्या कडेला तळं येतं, झाडं येतात. आता डेटा सेंटरचं छप्परही येतं. ते खांबाआड जाईल अशी खुर्चीची जागा त्याला सापडलेली नाही. त्याने बरेच दिवस शोधली.

मी त्याच्या बाजूला, तळ्याच्या अंगाला बसते. माझ्याशी बोलताना तो भिंतीकडे बघतो. तसं केलं तर मी दिसते. एकदा मला ते सहन झालं नाही. मी खुर्ची उचलली आणि त्याच्या अगदी समोर, भिंतीला पाठ लावून बसले. तो मागल्या अंगणाच्या उताराबद्दल काहीतरी सांगत होता. मध्येच थांबला.

"कुठे गेलीस?" त्याने विचारलं.

"इथेच आहे. समोर."

"समोर नको," तो म्हणाला.

मी खुर्ची परत जागेवर नेली.